दुखवट्याचा सदरा

साखरखेर्ड्यात माझ्या लहानपणी गावातला सगळ्यात चांगला शिंपी आणि सगळ्यात वाईट शिंपी हा एकच माणूस होता. लग्नाचा अंगरखा शिवायचा असेल तर मेहकरपासून लोक त्याच्याकडे कापड घेऊन येत. नवरदेवाला तो मापालासुद्धा बोलावत नसे. पोरगा रस्त्याने चालत गेला की ओट्यावरून त्याच्याकडे एकदा बघायचा आणि म्हणायचा, "झालं. शुक्रवारी घेऊन जा." अंगरखा असा बसायचा की नवरदेवाची आई आधी कापडाची दृष्ट काढायची आणि मग पोराची. पण हाच माणूस मयताच्या घरचं कापड हातात घेतलं की काय व्हायचं कोण जाणे. एक बाही कोपराला, दुसरी बोटांच्या पेरांपर्यंत. गळा एवढासा, की डोकं आत शिरलं तर बाहेर निघायची पंचाईत. एकदा तर खिसा पाठीला लावला होता. सदरा हातात धरून वैतागून उभ्या असलेल्या माणसाकडे चष्म्यावरून बघत तो शांतपणे म्हणायचा, "चुकलं. उद्या या, होऊन जाईन."

त्याला सगळं गाव खलिफा म्हणायचं. शिवणकाम करणाऱ्या मुसलमान कारागिराला आमच्याकडे आदराने तसं म्हणत. त्याचं खरं नाव मला कधी कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. माझ्यासाठी तो खलिफाचाचा. उंच, पाठीत वाकलेला, दाढी मेंदीने रंगवलेली. टोपीच्या काठाला पाच-सहा सुया टोचलेल्या असायच्या. नमाजाला जाताना त्या तो काढून घराच्या दाराला टोचून ठेवायचा, परत आला की मोजून घ्यायचा. त्याच्याकडे आकड्यांची फीत होती, पण ती शोभेला. माप घ्यायचा तो सुतळीने. गळ्याला एक गाठ, छातीला दुसरी, बाहीला तिसरी. दुकानाच्या भिंतीवर घरटी एक खिळा, आणि त्या खिळ्याला त्या घरातल्या सगळ्यांच्या सुतळ्या. पोरगं वाढलं की सुतळी बदलायची. म्हातारा आकसला तरी बदलायची. माणूस गेला तरी त्याची सुतळी खिळ्यालाच राहायची. कुणी विचारलं तर म्हणायचा, "राहू द्या. थे काय खाऊन राह्यली का?"

आता दुखवट्याची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. घरात कुणी गेलं की तेराव्याला सोयरे नवं कापड आणतात, त्याला आमच्याकडे दुखवटा म्हणतात. ते शिवून अंगावर चढलं, कपाळाला टिळा लागला, मारुतीचं दर्शन झालं आणि सोयऱ्यांनी बाजारातून एक फेरी मारून आणलं, की दुःख उतरलं. त्यानंतर माणसाने पहिल्यासारखं वागायचं. तोवर मात्र देवळात जायचं नाही, बाजारात जायचं नाही, कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. शिंप्याचा ओटा तेवढा या नियमातून सुटलेला, कारण माप द्यायला तर जावंच लागणार.

दुखवट्याची शिलाई खलिफा घेत नसे. म्हणून लोक म्हणत, फुकटचं काम, असंच व्हायचं. धर्माच्या गायीचे दात कोण मोजतो? कुणी म्हणे, मयताच्या कापडाला हात लावताना तो घाबरतो. मात्र एवढं खरं, की दोन दिवसांच्या शिवणाला त्याच्याकडे महिना-दीड महिना लागायचा. तेवढे दिवस तो माणूस रोज ओट्यावर. तिथे एक तरट पसरलेलं असायचं, त्यावर दुखवट्याची गिऱ्हाईकं बसायची. कधी एक, पटकीच्या साथीत नऊ-दहा. खलिफा कुणाला रिकामं बसू देत नसे. कुणाला कच्चा टाका उसवायला द्यायचा, कुणाला गुंड्या निवडायला. पाटील असो की बलुतेदार, हातात चिंधी आणि समोर फुटाण्यांची परडी. बायका ओट्यावर बसत नसत. त्या आतल्या दाराने चाचीकडे जायच्या. चाची म्हणजे खलिफाची बायको, ठेंगणी, बोलघेवडी, नाकात मोठी नथनी. चोळ्यांचं सगळं काम तिच्यामार्फत यायचं. बायका परक्या पुरुषाला माप कशाला देतील? मापाची जुनी चोळी चाचीकडे ठेवायच्या, आणि कुठे सैल, कुठे घट्ट ते तिला सांगायच्या. ती मधल्या पडद्यातून ओरडून नवऱ्याला सांगायची. त्यामुळे आमच्या गावात गुपित असं फारसं राहत नसे.

दोन भावांची गोष्ट तर गाव अजून सांगतं. वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद. बाप मेला तेव्हा एक जण तिरडी पुढून धरून, दुसरा मागून. खलिफाने दोघांचे सदरे शिवले आणि उजव्या बाह्यांची अदलाबदल केली. एक भाऊ लांब हाताचा, एक आखूड. दोघं तणतणत एकाच वेळी ओट्यावर हजर. खलिफा म्हणाला, "दोघं बी एकाच जागी बसा. ह्याची उसवली का त्याले लावतो." तीन आठवडे ते दोघं एका तरटावर बसून एकमेकांच्या बाह्या उसवत होते. पहिले आठ दिवस मुक्याने. नंतर थोरला म्हणाला, "बापाचा हात तुह्यासारखा लांब होता." तिथून बोलणं सुरू झालं.

एक मोठे जमीनदार होते, त्यांना हा प्रकार खपला नाही. आईचा दुखवटा वाकडा शिवला म्हणून त्यांनी कापड उचललं, चिखलीच्या शिंप्याकडून झकास कोट करून आणला, चौथ्या दिवशी बाजार फिरून मोकळे झाले. वर्षाने एका लग्नाच्या पंगतीत पानावर मुगाचा लाडू आला, आई करायची तसा. तो बघून एवढा जाडजूड मिशीवाला माणूस भर पंगतीत हुंदके देऊन रडायला लागला. लग्नघरात रडणं म्हणजे केवढी लाजेची गोष्ट! दोघांनी धरून बाहेर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोट घेऊन ते खलिफाच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "खलिफा, हा कोट जरा बिघडवून दे." खलिफाने कोट उलटापालटा करून बघितला. "लय मजबूत शिवला हाय," तो म्हणाला, "टाईम लागन. बसा."

हे सगळं ठाऊक असून मी जे केलं ते केलं. शहाण्या माणसाची चूक आधी त्याला दिसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

लग्न होऊन मी चिखलीला गेले. यजमान जिनात कापूस तोलायच्या कामावर होते. घरी हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन आलं, आणि वर्षभरात मी अशी शिवायला लागले की शेजारणी माझा टाका दुसऱ्यांना दाखवायला न्यायच्या. मला त्याचा गर्व होता. आजही थोडा आहे.

मग आई गेली. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं. घरी बाबा एकटे. मी त्यांची एकुलती. काका-काकूचं घर शेजारीच, भाकरीची सोय व्हायची. पण भाकर दिली म्हणजे माणूस खातो असं नाही. बाबा रडले नाहीत. बोललेही नाहीत. बैलांना चारा घालायचे, आणि येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. तेराव्याला मामांनी कापड आणलं, ते खलिफाकडे गेलं. मला न्यायला यजमान पंधरा दिवसांनी येणार होते. तेवढ्या दिवसांत बाबा उठून बसले नाहीत तर मी त्यांना कुणावर सोडून जाणार, हा एकच किडा डोक्यात वळवळत होता. आमच्या गल्लीत बायको गेल्यावर चार महिन्यांत गेलेले दोन जण मी पाहिले होते.

पाचव्या दिवशी सदरा आला. मामांनी उलगडला आणि हसले. "यंदा खलिफा सुधरला वो! गळा बराबर, घेर बराबर. डावी बाही तेवढी ढिली हाय, अर्धं बोट."

रीतीप्रमाणे बाबांनी उठून ओट्यावर जायला हवं होतं. ते म्हणाले, "राहू द्या."

"मी करते की नीट," मी म्हटलं.

दुपारी उजेडाला बसून मी ती बाही उसवली, अर्धं बोट आत घेतली आणि इतक्या बारीक टाक्याने शिवली की कुठे जोड दिसेना. मामा खूश. लगेच बाबांना उभं करून सदरा चढवला, टिळा लावला, मारुतीला नेलं. बाजाराचाच दिवस होता. लोक भेटले, "चला, सुटले एकदाचे," म्हणाले, कापसाचा भाव विचारला, बैल विकता का म्हणून विचारलं. बाबांनी सगळ्यांना उत्तरं दिली. घरी आले, सदरा काढला, घडी केली, खुंटीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी ते बैलांकडेही गेले नाहीत. भाकर तशीच. काकू दारात येऊन म्हणाली, "भावजी, आता काय राह्यलं? दुखवटा तं झाला." ती वाईट बाई नव्हती. रीतच तशी होती. सदरा अंगावर चढला, आता दुःख करायला जागा कुठली? मी चांगला टाका घालून माझ्या बापाचं दुःख शिवून बंद करून टाकलं होतं, आणि ते आत होतं तसंच होतं. मला हे तेव्हा एवढं शब्दांत कळलं नाही. ती भाकर मी पुन्हा झाकून ठेवली. यजमान यायला नऊ दिवस राहिले होते.

सदरा चढल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी खलिफाचाचा दारात उभा. तो कधी कुणाच्या घरी कपड्यासाठी जात नसे. मयताला आला तेव्हाही अंगणाच्या कडेला उभा राहून गेला, असं काकूने सांगितलं होतं.

"सदरा आण, बेटा."

मी आणून दिला. त्याने डावी बाही उजेडाकडे धरली, चष्मा वर केला, टाक्यावरून अंगठा फिरवला.

"हा टाका कोनाचा?"

"माझा," मी म्हटलं. खरं सांगायचं तर एवढ्या दुःखातही मला शाबासकीची आशा होती.

"चांगला टाका हाय," तो म्हणाला. टोपीची सुई काढली, टाक्यात घातली, आणि टरकन बाही उसवून सदऱ्यापासून वेगळी केली.

मामा धावले. "अरे, अरे! अंगावर चढलेला दुखवटा कोनी उसवते का? अपशकुन हाय थो!"

"मामा," खलिफा सावकाश म्हणाला, "सदरा माह्या हातचा. बाही पोरीच्या हातची. दोन हातचा दुखवटा चालते का तुमच्यात? तुम्हीच सांगा. मले काय माहीत, मी मुसलमान मानूस."

मामा अडकले. असा काही नियम आहे की नाही हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि रीतीच्या बाबतीत आपल्याला ठाऊक नाही असं कोणता मामा म्हणेल? त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी काकूकडे.

"नाही," मामा म्हणाले, "तसं तं चालत नाही."

"मंग चढलाच नाही थो. दुखवटा व्हायचा हाय अजून." एवढं बोलून तो बाबांच्या अंथरुणाशी जाऊन उकिडवा बसला. "भाऊ, बाही कोनती ढिली होती? मी म्हातारा झालो, ध्यानात राह्यत नाही."

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"डावी का उजवी?"

"डावी," बाबा भिंतीला म्हणाले.

"किती?"

"अर्धं बोट."

"हाव," खलिफा म्हणाला. "वीस वर्सं तुह्या घरच्या चोळ्या शिवल्या. डावी बाही अर्धं बोट ढिली. आतून माह्यी बायको वरडे, ध्यानात ठेवा, ध्यानात ठेवा. हात सवयीनं गेला, भाऊ. चुकलं माह्यं."

मी त्या बाहीकडे बघत होते. आईची डावी बाही सैल लागायची हे मला, तिच्या पोटच्या पोरीला, माहीत नव्हतं. मी शिवण शिकले, गावभर टाके दाखवले, पण आईची चोळी शिवायला तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

बाबा उठून बसले.

"डावखुरी होती थे," ते म्हणाले. "जात्यावर डाव्या हातानं बसे. तोच दंड भरला होता तिचा. माह्या मायनं लय बोल लावले तिले त्याच्यापायी. डाव्या हाताचं पीठ देवाले चालत नाही म्हने. म्या आयकून घेतलं, खलिफा. एक डाव बी मायले म्हटलं नाही, का राहू दे म्हनून."

आणि बाबा रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. खलिफाने त्यांना उगी केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, काही नाही. सुई पुन्हा टोपीला टोचली आणि बसून राहिला. बाबांचं झाल्यावर म्हणाला, "चाल. माप द्या लागते."

बाबा अनवाणीच त्याच्या मागे गेले. एका बाहीचा सदरा खलिफाच्या खांद्यावर होता.

उरलेले दिवस मी रोज दुपारी चाचीकडे जाऊन बसले. मधल्या पडद्यातून ओट्यावरचं सगळं ऐकू यायचं. त्या महिन्यात तरटावर बाबांखेरीज आणखी तिघं होते. एक विणकर, त्याचा मुलगा गेलेला. एक म्हातारा, त्याची बहीण. आणि एक तरणा मुसलमान पोरगा, त्याचा बाप. त्याला कुणी दुखवटा आणलेला नव्हता, तो नुसताच गुंड्या निवडायला यायचा. कुणी मोठं काही बोलत नसे. विणकर म्हणायचा, "पोरगं दूध पेताना डोळे झाके." बाबा म्हणायचे, "आमच्या घरची भाकर परातीत उलटी फिरे." मग फुटाणे. खलिफाचं मशीन खडखडत राहायचं. मध्येच तो कुणाला तरी, "टाका तोडू नको, उसव," म्हणून ओरडायचा. आत चाची माझ्याकडून कांदे चिरून घ्यायची आणि मी रडले की म्हणायची, "रड, रड. कांदा हाय न हातात, कोन इचारते?" एक दिवस तिने पेटीतून आईची मापाची चोळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. हिरव्या खणाची, काखेत विटलेली. मी डाव्या बाहीत हात घालून बघितला. खरंच अर्धं बोट सैल होती.

यजमान न्यायला आले तेव्हा बाबा मोटारीपर्यंत पोचवायला आले, जुन्या सदऱ्यात. सकाळी दीड भाकर खाल्ली होती, मी मोजली होती.

"नवा कधी होणार?" मी विचारलं.

"उद्या देतो म्हनला," बाबा म्हणाले. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. मोटार सुटली तेव्हा ते माझ्यामागे बघत उभे राहिले नाहीत. पाठ फिरवून शिंप्याच्या गल्लीकडे चालू लागले, उशीर झाल्यासारखे. मला तेव्हा जे हलकं वाटलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

दोन महिन्यांनी मास्तरांच्या हातचं कार्ड आलं. बाबांचा मजकूर एवढाच : "सदरा झाला. चांगला बसला. गाय व्याली."

पुढे एकदा माहेरी गेले असताना मी धीर करून विचारलं, "चाचा, खरं सांगा, दुखवट्याचे कपडे तुम्ही मुद्दाम चुकवता ना?" तो एवढा रागावला की दाढी थरथरली. "मुद्दाम? कारागिराले असं इचारते का कोनी? हात हाय, चुकते." तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी चाचीच्या हाती माझ्या पोरीसाठी झबलं पाठवलं, आणि त्यात नावाला चूक नव्हती. उत्तर त्यातच होतं असं मी समजते.

मग लढाईची वर्षं आली. कापड कंट्रोलवर गेलं. लग्नाचे अंगरखे जुन्या धोतरांचे व्हायला लागले, खलिफाचं मशीन अर्धा दिवस बंद राहायला लागलं. त्याच काळात चाची गेली. मी दिवाळीला माहेरी आले तेव्हा मला कळलं. त्यांच्यातला तिसऱ्या दिवसाचा तीजा झाला, चाळिसावा झाला, भाऊबंद येऊन गेले. खलिफा नमाजाला जाई, परत येई, ओट्यावर बसे. तरट गुंडाळलेलं. मशीनवर फडकं. टोपीला एकही सुई नाही. कुणी कापड आणलं तर म्हणायचा, "दुसरीकडं न्या." उद्या या, असं म्हणायचाच थांबला होता.

गाव बेचैन झालं. सगळ्या गावाचा दुखवटा त्या माणसाने शिवला, त्याचा कोण शिवणार? पारावर चर्चा झाली. एक जण म्हणाला, "त्यायच्यात दुखवटा असते का पन?"

"त्यायच्यात नसन," बाबा म्हणाले. "आपल्यात तं असते न."

मी घरी पोचले तेव्हा बाबा दारात, उजेडाला बसले होते. मांडीवर मांजरपाटाचं कापड. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्यासाठी कंट्रोलच्या दुकानावर दोन दिवस उभं राहून मिळवलेलं. हातात आईची गोधडीची सुई, दाभणाएवढी, आणि तिच्यात जाड दोरा. आयुष्यात त्यांनी पोत्याच्या तोंडाखेरीज काही शिवलं नव्हतं. एक बाही उलटी लागली होती. गळा कापला होता तो कोणत्या प्राण्याच्या मापाचा ते देवाला ठाऊक. बोटांना रक्ताचे ठिपके.

मला राहवेना. मी हात पुढे केला. "द्या बाबा इकडे. मी शिवते."

त्यांनी कापड छातीशी ओढलं. "तू नको," ते म्हणाले. "तू चांगलं शिवशीन."

मी हात मागे घेतला. एवढी वर्षं होऊन गेली होती. त्या बाहीबद्दल बाबांनी मला एका शब्दाने कधी बोल लावला नव्हता, आणि हाही बोल नव्हता. मी शेजारी बसले आणि त्यांच्या सुईत दोरा ओवून देऊ लागले, त्यांना आता नीट दिसत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी चार जणांनी जाऊन तो सदरा खलिफाच्या अंगात घातला. त्याने विरोध केला नाही, बघितलंही नाही, असं बाबा म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तर गल्लीच्या टोकाकडून खलिफाचाचा येताना दिसला. तोच सदरा अंगात. डावा हात कोपरापर्यंत उघडा, उजव्या बाहीतून बोटंसुद्धा दिसत नव्हती, गळा एका खांद्यावरून घसरलेला. दारोदारी बाया उभ्या राहून बघत होत्या, आणि कुणी हसत नव्हतं. तो थेट आमच्या ओसरीशी आला, तिथे बाबा तरट टाकून बसले होते. चेहरा रागाने लाल. चाची गेल्यापासून त्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, तर ते हे.

"भाऊ! हे काय शिवलं बे? ह्याले बाही म्हनते का? मानूस हाय मी का गोनी हाय? चाळीस वर्सं शिवलं म्या, असं काम नाही पाह्यलं! माह्यी बायको असती तं..."

आणि तो थांबला. चाळिसावा होऊन गेला तरी त्याने तिचा उल्लेख केला नव्हता, असं नंतर सगळे सांगत होते.

बाबांनी घाई केली नाही. त्यांनी ती लोंबती बाही हातात घेतली, उजेडाकडे धरली, टाक्यावरून अंगठा फिरवला. गोधडीची सुई पागोट्याला टोचलेली होती.

"चुकलं," बाबा म्हणाले. "उद्या ये, होऊन जाईन."

खलिफाचाचा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या, आणि पोरासारख्या बारीक आवाजात विचारलं, "उद्या कवा येऊ?"

बाबांनी सरकून तरटावर जागा केली.